नसलेले मोह

"मोहाखाली चप्पल काढ गा, पोरा," माय म्हणायची. ती जाऊन तीस वर्षं झाली, तरी रोजंदारीवरच्या वनमजूर जंगलू मडावीच्या कानात तो आवाज अजून ओला होता.

ज्येष्ठात खाणीसाठी गावसभा भरली. वनखात्याचे साहेब म्हणाले, "इथल्या दगडात विमानाला लागणारा धातू आहे. देशाला तो हवाय. आणि कागदावर हे झुडपी जंगल. मोहाचं झाड एकही नाही."

त्या नसलेल्या मोहांनाच मंडपाच्या दोऱ्या बांधल्या होत्या. नसलेल्या सावलीत साहेब घाम पुसत होते. तेवढ्यात नसलेल्या फांदीवरचं पिकलं फळ टपकन फायलीवर पडलं.

जंगलूची बायको चमेली म्हणाली, "मंग साहेब, तुमी उन्हात बसून राहिले का?"

सभा खदखदून हसली. साहेबांनी कागद फडकवला. "मोजणी तुमच्याच माणसाची आहे. हा अंगठा बघा."

"कोनाचा हाय बाप्पा हा अंगठा?" चमेलीनं सगळ्यांकडे पाहत विचारलं.

आता नोकरी गेली, हे जंगलूला कळत होतं. तरी तो उठला.

"माहा हाय," तो म्हणाला. "तीनशे मोह मोजलो मी. मंग याच साहेबानं कोरा कागद ठेवला, म्हणे तुले कायम करतो. मी अंगठा देलो."