माझ्या पोटात अडकलेला पाय

मी एक जुना संगणक आहे. कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात, प्लास्टर कालवायच्या टेबलाखाली माझी जागा. मला स्वतःचा पडदा नाही. पंख्यात पांढरी भुकटी बसलेली असते आणि कोणाचा ना कोणाचा बूट रोज माझ्या कुशीला लागतो.

मित्रांनो, माझं काम साधं आहे. पाय गमावलेल्या माणसाचं माप घेतलं की त्याची फाइल माझ्याकडे येते. शेजारच्या खोलीतलं यंत्र ती मागतं, मी देतो, आणि ते साचा कोरतं. मालकांच्या मेहुण्याने माझ्यावर लिनक्स नावाची प्रणाली घातली आणि फाइली वाटणारी सेवा सुरू करून दिली. सहा वर्षं मी तक्रारीला जागा ठेवली नाही. "हा आमचा गडी कधी सुट्टी घेत नाही," असं मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पुढे मेहुणा दुसऱ्या नोकरीवर गेला. जाता जाता त्याने घाईघाईत माझ्यात एका नव्या फोल्डरची भर घातली, पण मला बंद-चालू करून पाहिलं नाही.

काही दिवसांनी वीज गेली आणि आली. मी उठलो, पण वाटणारी सेवा काही उठेना. यंत्राची मागणी दारापर्यंत आली आणि तशीच परत गेली.

यंत्राने मागितलेली ती फाइल एका पोस्टमनची होती. सोमवारी तो कामावर हजर झाला नसता, तर त्याची जागा दुसऱ्याला जाणार होती.

मालक वैतागले. "पुसून टाका याला. नव्याने बसवू. माप परत घेऊ."

"परत?" मावशी म्हणाली. ती साचे घासायची. सगळे तिला मावशीच म्हणत. "त्याची जखम आत्ता कुठे भरलीय हो. माप घेताना कळवळला होता तो. मला आजचा दिवस द्या."

"तुम्हाला यातलं काय कळतं, मावशी?"

"काही नाही. म्हणून तर अख्खा दिवस मागतेय."

तिने ऑफिसातला पडदा आणून मला जोडला. मेहुण्याला फोन लावला, तो उचलेना. वायर काढून पुन्हा खोचली. मला चार वेळा बंद-चालू केलं. मग मोबाइलमध्ये बघत, एकेक अक्षर शोधत, दुसऱ्या संगणकावरून तिने मला हाक मारली. मी लगेच ओ दिली.

"जिवंत आहे!" ती ओरडली.

"मग देत का नाही?" मालक म्हणाले.

काय सांगू, मित्रांनो! फाइल माझ्या पोटात होती, वायर जोडलेली होती, हाकेला ओ देत होतो, आणि तरी काही बाहेर काढता येत नव्हतं. कारण मला ठाऊक होतं. प्रत्येक वेळी मी ते माझ्या नोंदींत लिहीत होतो. पण "इकडे वाच" म्हणायला मला तोंड नव्हतं. संध्याकाळी मला पुसणार होते.

दुपारी मावशी नोंदींपर्यंत पोचली. माझी ओळ तिच्या नजरेखालून सरकून गेली. मग ती थबकली आणि मागे आली.

"सेटिंगची फाइल, एकतिसावी ओळ," ती पुटपुटली. तिने ती फाइल उघडली. तिथे त्या नव्या फोल्डरच्या नावाचा कंस उघडला होता, मिटलाच नव्हता. "अगं बाई, एवढ्यासाठी?"

तिने कंस बंद केला आणि मी पडद्यावर म्हणालो, परवानगी नाही. माझी सुटका करायला आलेल्या बाईला मलाच अडवावं लागलं. नियमच तसा आहे. पासवर्डशिवाय त्या फाइलला हात लावू देता येत नाही.

"पासवर्ड काय हो?" तिने विचारलं.

मालकांचा चेहरा लाल झाला. "सरका. मी घालतो." पासवर्ड म्हणून मेहुण्याने आपल्या बहिणीचं, म्हणजे मालकीणबाईंचं, लाडाचं नाव ठेवलं होतं. मावशी पदरात हसली.

सेवा उठली. यंत्राने फाइल मागितली, मी दिली, आणि भिंतीपलीकडे कोरण्याची घरघर सुरू झाली.

शनिवारी पोस्टमन आला. टेबलाखालून तो मला दिसला नाही, पण पावलं ऐकू आली. एक मऊ, एक टक्क. खोलीच्या तीन फेऱ्या झाल्या. मग तो मावशीला म्हणाला, "आता रोज किती जिने चढले तर चालेल, तेवढं सांगा."

मी अजून त्याच टेबलाखाली आहे. बूट अजून लागतात. मित्रांनो, तुमच्याकडचं एखादं यंत्र गप्प झालं, तर पुसून टाकायच्या आधी एक दुपार त्याच्यापाशी बसा. त्याने काय लिहून ठेवलंय ते वाचा. आत कोणाचा तरी पाय असू शकतो.