जयंतीच्या सोमवारची फेरी

बर्फामुळे बुडालेले शाळेचे दिवस भरून काढायला आमच्या काउंटीच्या शाळा मंडळाला अख्ख्या वर्षात एकच सोमवार सापडला, आणि तो नेमका मार्टिन ल्यूथर किंग जयंतीच्या सुट्टीचा. वसंतातली आठवड्याची सुट्टी त्यांनी शाबूत ठेवली, कारण म्हणे लोकांनी समुद्रकाठी खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. कुणी घेतल्या होत्या ते मी विचारलं नाही. एकोणीस वर्षं या काउंटीची शाळेची बस चालवतेय, त्यामुळे काय विचारायचं नाही हे मला चांगलं कळतं.

बुधवारी चर्चमध्ये सभा झाली. आमचे डीकन थॅडियस मोल्ट्री बोलायला उठले. चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या खालोखाल त्यांचाच शब्द चालतो, आणि कधीकधी पाद्रीबाबांच्याही वर. ते म्हणाले, "सोमवारी आपलं एकही मूल बसमध्ये पाय ठेवणार नाही. दहा वाजता सगळे इथून कोर्टापर्यंत चालत जाऊ." लोकांनी बाकं बडवली. मग कुणीतरी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनीच पाहिलं. आम्हा काळ्या लोकांना किंगच्या काळापासून बसवरचा बहिष्कार काही नवा नाही. पण तेव्हा बस चालवणारा आमच्यातला नव्हता.

माझ्या मार्गावर एकवीस मुलं, सगळी याच चर्चमधल्या घरांची. आणि माझ्या पर्समध्ये डेपोच्या ट्रॅन्थमसाहेबांचं पत्र होतं: सोमवारी डॉक्टरच्या दाखल्याशिवाय जो गैरहजर राहील त्याने मंगळवारी यायची तसदी घेऊ नये. माझा नवरा रॉस्को आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला जातो, आणि ते डायलिसिस माझ्या नोकरीच्या विम्यावर चालतं. नोकरी गेली की विमा गेला, आणि विमा गेला की रॉस्को किती दिवस काढेल ते मी मनातल्या मनातसुद्धा मोजत नाही. त्यामुळे मी सभेत तोंड उघडलं नाही. सकाळची फेरी आठच्या आत संपते आणि मोर्चा दहाला आहे, म्हणजे दोन्हीकडे जाता येईल, असा हिशेब करून मी घरी आले. दोन्ही डगरींवर हात ठेवायची मला जुनी सवय आहे.

रविवारी आमच्या गल्लीतल्या पोरांनी रात्रीचे कपडे उलटे करून घातले होते. असं केलं की बर्फ पडतो आणि शाळा बुडते अशी त्यांची पक्की खात्री असते. त्या दिवशी मोठ्यांनीही कुणाला हसून घालवलं नाही. पण बर्फ काही पडला नाही, नुसती हाडं गोठवणारी थंडी पडली आणि रेडिओवर दर अर्ध्या तासाला सांगत राहिले की शाळा वेळेवर भरेल.

आता पाटीचं सांगायला हवं. आमचा नियम असा की फेरी संपली की चालकाने गाडीच्या शेवटापर्यंत चालत जायचं, एकेक सीट बघायची, सीटखाली बघायचं, आणि मग मागच्या काचेवर पिवळी पाटी अडकवायची: 'बस रिकामी आहे'. झोपलेलं मूल गाडीत राहू नये म्हणून हा सगळा प्रकार. सकाळी निघताना पाटी काढायची. एकोणीस वर्षांत मी हे एकदाही चुकवलं नाही, कुणालाही विचारा. त्या सोमवारी पाटी मागच्या फेरीपासून लटकलेली होती. मी चालकाच्या जागेवर बसले, आरशात पाटी पाहिली आणि म्हटलं, काढायची कशाला? रिकामीच तर जाणार आहे.

पहिल्या तीन थांब्यांवर नियमाप्रमाणे दार उघडलं, तीस आकडे मोजले, दार लावलं. कुणीही नव्हतं. पडदे तेवढे हलत होते. रोज ज्या मुलांची मी नाकं पुसते ती पडद्याआड उभी राहून मला बघत होती, आणि मी समोरच्या काचेतून सरळ रस्त्याकडे बघत होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

चौथा थांबा चर्चचा. अजून नीट उजाडलं नव्हतं. मोर्चाचे फलक ट्रकमध्ये चढवत चार-पाच पुरुष उभे होते. मी उजवीकडचं दार उघडलं, तोच डीकन माझ्या डाव्या खिडकीशी आले.

"किती मुलं मिळाली?"

"तुम्हाला माहीत आहे तेवढीच."

"व्हर्लीन, तुझी आई असती तर तिने ही चावी ओढ्यात फेकली असती."

"माझ्या आईच्या नवऱ्याला डायलिसिस नव्हतं, डीकन."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण माझं डोकं फिरलं. खिडकीतून अर्धी बाहेर वाकून मी त्यांना सगळं सुनावलं. ते यंत्र चार तास कसं चालतं, त्यानंतर रॉस्कोला जिना कसा चढवत नाही, आणि चर्चमधल्या किती जणांनी त्याला एकदा तरी गाडीतून तिथे नेलं ते. माझी दाराकडे पाठ होती. हीटर घरघरत होता. बोलून झाल्यावर मी न बघताच कळ दाबून दार लावलं आणि गाडी काढली. आरशात पाहिलं तर ती माणसं हात वर करून टाळ्या वाजवत होती. मला वाटलं, माझी टर उडवताहेत.

शाळेच्या दारात मुलं उतरवून घ्यायला उभ्या असलेल्या बाईंनी हातानेच विचारलं, आहे का कुणी? मी मान हलवून नाही म्हटलं. आठला दहा कमी असताना डेपोत गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि उतरले. शेवटापर्यंत चालत गेले नाही. पाटी लटकलेलीच होती.

दहाला चर्चपाशी पोचले ते मान खाली घालूनच. पण तिथे बायका येऊन माझ्या गळ्यात पडल्या. एकीच्या डोळ्यांत पाणी होतं. मला आधी काही उमजेना. मग डीकन आले, त्यांनी हॅट काढली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझं चुकलं, व्हर्लीन. पाटी लावून रिकामी बस अख्ख्या गावातून फिरवलीस. यापेक्षा मोठा मोर्चा आम्ही काय काढणार?"

तेव्हा कळलं. पाटी मी मुद्दाम लावली असं त्यांना वाटत होतं. खरं सांगायची ती वेळ होती, आणि मी सांगितलं नाही. मला ते फार आवडलं, हेच खरं. मी पहिल्या रांगेत चालले, डीकनांच्या शेजारी, ताठ मानेने.

अकराला आम्ही कोर्टाच्या पायऱ्यांपाशी होतो. प्रार्थना चालू असताना माझा फोन थरथरला. डेनिटाचा होता. डेनिटा वर्षापूर्वीच गावात आली, ओढ्याकाठच्या शेवटच्या घरात एकटी राहते आणि कोंबड्या कापायच्या कारखान्यात पहाटे सहाच्या पाळीला जाते. तिची सहा वर्षांची केझाया एकटीच चालत येऊन चर्चच्या थांब्यावर माझ्या बसमध्ये चढते. मी बाजूला जाऊन फोन घेतला.

"मिस व्हर्लीन, आमची मधली सुट्टी झालीय म्हणून केला. केझाया उतरताना रडली नाही ना?"

"कुठून उतरताना?"

"बसमधून. वर्गात कुणीच नसेल म्हणून घाबरली होती. मी काय करणार, कारखान्याला आज सुट्टी नाही आणि तिला ठेवू कुणाकडे?" मग तिने आवाज बारीक केला. "चर्चपाशी चढलीस की खालीच वाकून राहा म्हटलं होतं तिला. कुणी बघितलं नसेल ना?"

मी फोन ठेवला. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, माझी वळलेली पाठ आणि तिच्यामागे उघडं दार. गाडी लावून तीन तासांच्या वर झाले होते. त्या दिवशी बादलीतला बर्फ दुपारपर्यंत वितळला नव्हता. शाळेतून फोन यायचा प्रश्नच नव्हता. निम्मा वर्ग गैरहजर, त्यात एक नाव जास्त, कोण विचारतंय?

डीकनांची बाही धरून मी एवढंच म्हणाले, "गाडी काढा, डेपोला चला." त्यांनी एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि प्रार्थना अर्धी सोडून ते धावले. सत्तरीचा माणूस, पण धावले. ट्रकमध्ये मी त्यांना सांगितलं. पाटीचंही सांगितलं. समोर आमचाच मोर्चा रस्ता अडवून उभा होता, आणि ते एका हाताने भोंगा दाबून दुसऱ्या हाताने आमच्याच लोकांना बाजूला व्हायच्या खुणा करत होते. लोक हसून हात हलवत होते. मी मोठ्याने देवाला म्हणत होते, माझी नोकरी घे, विमा घे. आणि रॉस्कोचं नाव तोंडावर आलं तेव्हा मी जीभ चावली. माझ्या मनात तोही सौदा येऊन गेला, ते मी लपवणार नाही.

डेपोत मेकॅनिक गाड्यांच्या मधून फिरत होता. त्याने सांगितलं की सकाळपासून दोनदा या गाडीवरून गेलो, पण पाटी होती म्हणून आत पाहिलं नाही. मागच्या संकटकाळच्या दाराची मूठ गोठली होती. डीकनांनी बुटाने तीन लाथा घातल्या तेव्हा ती फिरली.

मी मागून पुढे चालत गेले. शेवटची सीट रिकामी. त्याच्या पुढची रिकामी. मी तिचं नाव घेत होते आणि कुठूनही उत्तर येत नव्हतं. ती उतरून कुठे गेली असेल, ओढ्याकडे गेली असेल, हायवेवर गेली असेल, असं काय काय माझ्या मनात आलं. सातव्या सीटखाली हीटरची पेटी आहे, पोरांना ती जागा ठाऊक असते. त्या थंडगार पेटीला पोट चिकटवून ती पडली होती. ओठ निळे, एका पायातला बूट निघालेला. मी तिला ओढून काढलं आणि कोटाच्या आत घेतलं. ती थरथरतही नव्हती. छातीला कान लावला तेव्हा कुठे ठोका लागला.

मग तिने डोळे उघडले. शब्द जड येत होते.

"मी खालीच होते, मिस व्हर्लीन. तो माणूस आला तेव्हा पण मी खालीच राहिले."

डीकन दारात उभे होते. त्यांनी अंगातला कोट काढून तिच्या पायांवर टाकला आणि तोंड फिरवलं.

निरोप मिळताच डेनिटा इस्पितळात धावत आली, डोक्याला कारखान्याची जाळी, पायात रबरी बूट. ती मला मारेल असं मला वाटलं, आणि मारावं असंही वाटत होतं. पोरगी शुद्धीवर आहे, डाव्या पायाच्या तीन बोटांचं अजून सांगता येत नाही, असं नर्सने तिला सांगितलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. डीकन ट्रक लावायला गेले होते. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "चर्चमध्ये सांगू नका, मिस व्हर्लीन. मी तिला शाळेत पाठवलं होतं ते सांगू नका. आम्हाला इथे दुसरं कुणी नाही."

मी तिच्याकडे बघतच राहिले. कारण तेवढ्यात मीही तोंड उघडलं होतं. मीही तिला हेच म्हणणार होते की काउंटीत सांगू नकोस.

डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, गावात नवे असावेत. हातातल्या कागदावर त्यांना काहीतरी लिहायचं होतं. मूल इतका वेळ थंडीत कुठे होतं, असं त्यांनी विचारलं. माझ्या बसमध्ये, मी म्हणाले. मी मागे जाऊन पाहिलं नाही. त्यांनी ते लिहिलं. माझ्या डोळ्यांपुढे रॉस्कोची खुर्ची आली, त्याच्या दंडातल्या नळ्या आल्या, आणि ते लिहीत राहिले. डीकन एव्हाना परत आले होते आणि दारापाशी हॅट हातात घेऊन उभे होते.

"ती नर्सला सांगत होती की मी लपले होते," डॉक्टर म्हणाले. "कुणापासून लपली होती?"

डेनिटाची बोटं माझ्या मनगटावर आवळली. मी डीकनांकडे पाहिलं. त्यांनी या खेपेला तोंड फिरवलं नाही.

"आमच्यापासून," मी म्हणाले.