आधी अमृता, मग मी

मी एक जुनी फाईल आहे. जाड पुठ्ठ्याची, पाठीवर काळे कापड चिकटवलेली आणि लाल नाडीने बांधलेली. माझा एक कोपरा उंदराने कुरतडला आहे आणि अंगावर चहाच्या कपाचा एक गोल डाग आहे. मी कल्याणला, कोळसेवाडीतल्या एका चाळीत, कपाटाच्या मधल्या कप्प्यात राहते. मित्रांनो, फाईलने काय आयुष्य सांगायचे, असे तुम्हाला वाटेल. पण माझ्या पोटात एका मुलीचे कागद आहेत, आणि त्या कागदांपायी मी बरेच काही पाहिले आहे.

माझा जन्म उल्हासनगरच्या एका लहानशा गाळ्यात झाला. तिथे पुठ्ठे कापले जायचे, कडांना खळ लागायची आणि शेवटी गंगुबाई नावाची एक बाई आम्हाला नाड्या ओवायची. तिथून मी कल्याणच्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात आले. शेजारच्या फाईली एकेक करून विकल्या जात होत्या. कुणात पदवीची प्रमाणपत्रे जाणार होती, कुणात घराची कागदपत्रे. आपल्यालाही बक्षिसांची प्रशस्तिपत्रके मिळावीत, असे मला फार वाटे.

एके दिवशी दर्शनाने मला विकत घेतले. दर्शना एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने नोंदवण्याचे काम करते. तिचा नवरा सम्यक घोडबंदर रोडच्या उंच उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करतो. घरात सम्यकची आई रमाबाई, पालिकेच्या दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त झालेली. आणि यांची अमृता. तेव्हा ती चार वर्षांची होती.

अमृता कपडे वाळत घालायचे चिमटे उंबऱ्यावर रंगांप्रमाणे लावायची. निळ्यांनंतर हिरवे, हिरव्यांनंतर पिवळे. एखादा कुणी हलवला तर पुन्हा पहिल्यापासून. आनंद झाला की दोन्ही हात पाखरासारखे हलवायची. कुकरची शिट्टी झाली की कॉटखाली जाऊन बसायची. आणि हाक मारली तर बघायची नाही. शब्द मोजके, तेही मनात आले तरच.

दर्शना तिला ठाण्याला, टेंभी नाक्याजवळच्या दवाखान्यात डॉक्टर क्षिप्रांकडे घेऊन जाऊ लागली. मीही बरोबर असायचे, अजून रिकामीच. डॉक्टर खुर्चीत बसल्या नाहीत. चार वेळा त्या अमृताबरोबर जमिनीवर बसून खेळल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी चार पानांचा अहवाल लिहिला.

"तिला ऑटिझम आहे," त्या म्हणाल्या. "मराठीत स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द तितकासा पटत नाही. ती स्वतःत बुडालेली नाही, उलट बाहेरचं सगळं तिला जरा जास्तच ऐकू येतं, जास्तच टोचतं."

"औषध आहे का?" सम्यकने विचारले.

"हा ताप नाही, उतरायला. ती अशीच आहे. तिला काय सोपं जातं, काय अवघड, ते शिकून घ्या, आणि बोलण्याचा सराव सुरू करा. पहिल्या पानावर फक्त नाव आहे. खरं काम पुढच्या तीन पानांत आहे. लोक पहिल्या पानावर थांबतात, तुम्ही थांबू नका."

ती चार पाने माझ्यात ठेवली आणि दर्शनाने नाडी बांधली. अशी मी कामाला लागले. वर्षभर दर आठवड्याला आम्ही ठाण्याला जात होतो. अमृता एकेक शब्द जोडायला शिकत होती, आणि प्रत्येक वेळी माझ्यात एक कागद वाढत होता. प्रशस्तिपत्रके नव्हती ती, पण "आज पाणी स्वतःहून मागितले" असे लिहिलेला कागद पोटात आला तेव्हा मला त्यांची आठवण राहिली नाही.

मग शाळेचा प्रश्न आला. प्रवेशाचा अर्ज घेऊन सम्यक कॉटवर बसला होता. मुलाबद्दल शाळेला काही सांगायचे आहे का, अशी एक ओळ त्यात होती. त्याने लिहिले, "नाही."

"अहो, असं कसं?" दर्शना म्हणाली. "बाईंना माहीत नको?"

"नको. हळू बोलते म्हणून सांगू. बास."

"पण डॉक्टर म्हणाल्या..."

"डॉक्टर ठाण्यात राहतात, दर्शना. आपण इथे राहतो." त्याचा आवाज चढला नव्हता, पण जड झाला होता. "माझ्या आज्याला गावात त्याच्या नावाने कुणी हाक मारली नाही. जातीवरून हाक मारायचे. आयुष्यभर. तो शिक्का पुसायला तीन पिढ्या गेल्या. आता माझ्या पोरीच्या कपाळावर मीच आपल्या हाताने दुसरा मारू?"

त्याने मला उचलले, कॉटखालची लोखंडी पेटी ओढली आणि मला तळाशी, गोधड्यांच्या खाली ठेवले. वाईट माणूस नव्हता तो. पेटी बंद करण्याआधी त्याने माझ्यावरची गोधडी दोनदा सारखी केली.

पेटीत मी दोन वर्षे होते. उंदराने माझा कोपरा खाल्ला तो तिथेच. वर कॉट होती, त्यामुळे घरातले बोलणे ऐकू यायचे. संध्याकाळी दर्शना अमृताची डायरी वाचायची. वर्गशिक्षिका सरोजबाई लिहायच्या, "मुलगी हट्टी आहे. हाक मारली तरी मुद्दाम बघत नाही." पुढच्या आठवड्यात, "घंटा झाली की ओरडते. घरी शिस्त लावावी." शेजारच्या बाया सांगायच्या, लाडाने बिघडली आहे. आणि माझ्या तिसऱ्या पानावर लिहिले होते, "घंटेआधी एक मिनिट सांगावे. हाक मारल्यावर उत्तरासाठी वीस आकडे मोजून थांबावे." इतके साधे होते ते. पण गोधड्यांखालून मी कुणाला ओरडून सांगणार?

डिसेंबरात शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम सुरू झाली. तिथे काय झाले ते मला मागाहून कळले. पटांगणात मोठे स्पीकर आले. एका दुपारी गाणे सुरू झाले आणि अमृताने कान झाकले. कानावरचे हात काढ, असे तिला दोनदा सांगितले गेले. तिने काढले नाहीत, म्हणून तिला रांगेबाहेर उभे केले, नेमके स्पीकरजवळ. थोड्या वेळाने बाईंनी पाहिले तर ती तिथे नव्हती. फाटक उघडे होते.

घरी फोन वाजला तो मी ऐकला. लॅबमधून दर्शनाचा होता. रमाबाईंनी तो उचलला. "शाळेत नाही म्हणजे? कुठे गेली मग?" आणि एकदम पेटी ओढल्याचा आवाज. गोधड्या बाजूला पडल्या, दोन वर्षांनी माझ्यावर उजेड आला. पोरगी सापडली नाही तर पोलीस चौकीत जावे लागेल, तिथे तिच्याबद्दल विचारतील, आणि लिहिलेला कागद हातात असेल तर ऐकतील, हे दवाखान्यात तीस वर्षे काढलेल्या त्या बाईला ठाऊक होते. मला छातीशी धरून त्या निघाल्या. दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

चौकीपर्यंत जावे लागले नाही. शाळेसमोरच्या इमारतीखाली गर्दी दिसली. अमृता तिथल्या लिफ्टमध्ये शिरली होती. दार बंद झाले की आवाज बंद होतो, हे तिला कळले असणार. ती वर जात होती, खाली येत होती. शेवटी वॉचमनने तिला दंडाला धरून बाहेर ओढले, आणि ती त्याच्या हाताला चावली. आता तो सोडत नव्हता आणि ती किंचाळत होती.

"पागल आहे काय?" कुणीतरी म्हणाले. एक तरुण मोबाईलवर चित्रण करत होता.

"हात सोड तिचा," रमाबाई म्हणाल्या.

"अहो मावशी, चावली ना ती मला! रक्त आलंय बघा."

"चावली, ते चुकलंच. मी तुझी माफी मागते, बाबा. पण सोड. तिला ऑटिझम आहे. असं आवळून धरलं की तिला चटका बसल्यासारखं होतं. ती पळणार नाही, मी आहे."

वॉचमनने हात सोडला. मोबाईलवाला तरुण पुढे सरकला. "काय आहे म्हणालात? कागद आहे काय त्याचा?"

रमाबाईंनी मला आणखी घट्ट धरले. माझ्या नाडीला त्यांनी हात लावला नाही. "आहे. चौकीवाल्यांनी मागितला तर त्यांना दाखवीन. तुला कशाला? आधी तो मोबाईल खाली कर. लहान लेकरू रडतंय, त्याचा काय सिनेमा काढतोस?"

तरुण ओशाळला आणि त्याने मोबाईल खिशात ठेवला. लोक चार पावले मागे सरले. रमाबाई तिथेच लादीवर मांडी घालून बसल्या. जवळ घेतले नाही, काही विचारले नाही, नुसत्या बसून राहिल्या. दहा मिनिटे गेली असतील. अमृताचे ओरडणे हुंदक्यांवर आले, मग ती सरकत सरकत आली आणि तिने माझ्या पुठ्ठ्यावर गाल टेकला. तिच्या डोळ्यांतले पाणी माझ्यात मुरले. मित्रांनो, एवढी वर्षे मी तिचे कागद सांभाळत होते, पण ती मला पहिल्यांदा भेटली ती तेव्हा.

सम्यक घोडबंदर रोडच्या वाहतुकीतून वाट काढत दीड तासाने घरी पोचला. अमृता झोपली होती. मी कॉटवर, उघड्यावर होते. त्याने मला पाहिले आणि तो भिंतीला टेकून बसला.

"आई, तू सगळ्यांसमोर सांगितलंस?"

"सांगितलं."

"आता चाळभर होईल."

"होऊ दे." रमाबाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला. "अरे सम्यक, तुझ्या आज्याला लोकांनी जे चिकटवलं ते त्याला खाली दाबायला. हे नाव तसलं नाही. हे आपल्याला तिच्याजवळ जायला दिलंय. ते आपण पेटीत घातलं, मग लोकांनी तिला दुसरी नावं दिली. हट्टी म्हणाले, बिघडलेली म्हणाले, आज पागल म्हणाले. बिनानावाची नव्हतीच राहिली ती."

सम्यकने कप उचलला आणि नकळत माझ्यावरच ठेवला. तो डाग मी अजून जपला आहे.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः मला घेऊन शाळेत गेला. सरोजबाईंनी पहिले पान वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे मला आधी सांगायला हवं होतंत," त्या म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, "आणि मीही विचारायला हवं होतं." सम्यकने मला त्यांच्याजवळ ठेवले.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण मी महिनाभर सरोजबाईंच्या टेबलाच्या खणात होते, आणि तिथून मला वर्ग ऐकू येत होता. आता अमृताला कुणी रागावत नव्हते, पण तिला कुणी काही विचारतही नव्हते. पाढे म्हणायची पाळी आली की बाई मायेने म्हणायच्या, "तिला राहू दे, तिला नाही जमणार." मुलांनी तो शब्द उचलला. पेन्सिल हरवली की, "ऑटिझमने घेतली असेल." दोन वर्षे मी लपवलेली होते म्हणून ती कुणाला कळली नव्हती. आता मी समोर होते, तर माझ्यामागे ती दिसेनाशी झाली. मला माझीच लाज वाटली.

अमृताने घरी डबा उघडताना काय सांगितले ते मला मागाहून कळले, "मी ऑटिझम नाही. मी अमृता." दुसऱ्या दिवशी दर्शना रजा टाकून शाळेत आली.

"बाई, तुम्ही पहिलंच पान वाचलंत ना?"

सरोजबाईंनी मला खणातून काढले. दर्शनाने तिसरे पान उघडून त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते सावकाश वाचले, वहीत उतरवून घेतले आणि चष्मा पुसला. त्याच दिवशी त्यांनी वर्गात विचारले, "अमृता, तेराचा पाढा येतो?" उत्तर आले नाही. मुले खुसफुसली. बाई मनातल्या मनात आकडे मोजत राहिल्या. सतराच्या सुमारास अमृता उठली आणि खिडकीकडे बघत तेराचा पाढा म्हणाली. मग कुणी सांगितले नसताना एकोणीसचाही म्हणाली. मुलांना एकोणीसचा येत नव्हता. पेन्सिलीचे चिडवणे एका दिवसात थांबले नाही, पण हळूहळू तिला नावाने हाका येऊ लागल्या.

अमृता आता अकरा वर्षांची आहे. गर्दीत जाताना कानांवर हेडफोन घालते. अजून फार बोलत नाही, पण बोलते ते अगदी सरळ. गेल्या रविवारी तिने स्वतः माझी नाडी सोडली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मला वाचले. "शब्द मोजके" असे जिथे लिहिले होते, तिथे पेन्सिलीने शेजारी लिहिले, "तेव्हा." मग सम्यकला विचारले, "पप्पा, हिला तू पेटीत लपवलेलंस?"

"हो."

"का?"

"भीती वाटलेली मला."

"माझी?"

"नाही गं. लोकांची."

तिने थोडा विचार केला. "मग लोकांना घालायचं होतं पेटीत."

सम्यक इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आले. मला मात्र वाटले, सात वर्षांत एवढे नेमके माझ्यात कुणी लिहिले नाही.

मित्रांनो, माझा पुठ्ठा आता मऊ पडला आहे. लवकरच हे कागद नव्या फाईलमध्ये जातील. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्या फाईलींसाठी माझे एवढेच मागणे आहे. आम्हाला लपवू नका आणि मिरवूही नका. उघडाल तेव्हा शेवटच्या पानापर्यंत वाचा. आणि त्याआधी, ज्याचे कागद आमच्यात आहेत त्याला त्याच्या नावाने एक हाक मारा. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. ते येते.