लेकीच्या आवाजातली टेप

संमोहन म्हटल्यावर मास्तरांनी जे काही डोळ्यांपुढे आणलं होतं, त्यातलं एकही त्या दवाखान्यात नव्हतं. ना हलता लंबक, ना रोखलेले डोळे. सर्दीने बेजार झालेल्या एक डॉक्टरीणबाई तेवढ्या होत्या, नाक पुसत पुसत बोलत होत्या, आणि पेशंटची खुर्ची जरा हललं की कुरकुरत होती.

"ह्या मला काय झोपवणार," मास्तर बायकोच्या कानात पुटपुटले, "ह्यांनाच आधी झोपेची गरज आहे."

बायको हसली नाही. बिचारी दमली असेल, असं मास्तरांना वाटलं.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. अर्ध्या शहराला क्लच कसा सोडायचा ते त्यांनी शिकवलं होतं. मागच्या वर्षी अपघात झाला, डोक्याला मार बसला आणि तेव्हापासून डोक्यात काही टिकेना. जुनं सगळं शाबूत होतं. पहिल्या गाडीचा नंबर ठाऊक, लग्नात कोण कोण रुसलं होतं तेही ठाऊक. पण आत्ताचं विचारू नका. चहा टाकायला उठले की गॅसपाशी पोचेपर्यंत चहाच विसरत. वाक्याला सुरुवात करत आणि शेवट हरवून बसत. अपघाताचा दिवस तर पाटी पुसावी तसा पुसला गेला होता. त्या दिवसाबद्दल त्यांना ठाऊक होतं ते घरच्यांनी सांगितलेलं. तुम्ही एकटेच घरच्या गाडीतून निघालात, स्टिअरिंगवर डुलकी लागली, गाडी फुटपाथवर चढली. चष्म्याच्या दुकानाबाहेर मालक उभा होता, त्याचा पाय मोडला. मग गाडी खांबावर आदळली आणि तुमचं डोकं फुटलं.

डुलकी! ज्या माणसाने "जांभई आली की गाडी बाजूला घ्या" म्हणून जन्मभर शिकणाऱ्यांचे कान किटवले, त्याला डुलकी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. लायसन्स गेलं ते गेलंच, पण ते परत मिळालं असतं तरी मास्तर पुन्हा गाडीला शिवले नसते. मनातून ते स्वतःला गुन्हेगारच समजत.

दर आठवड्याला ते त्या चष्मेवाल्याकडे माफी मागायला जात. बायको पिशवीत फळं भरून देई. रस्ता लक्षात राहत नसे, म्हणून लेक हात धरून नेई. ती बाहेरच थांबून काचेतल्या फ्रेमी बघत राही आणि मास्तर आत जाऊन हात जोडत. सुरुवातीला चष्मेवाल्याने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. पुढे पुढे तोच कंटाळला. "अहो मास्तर, मागच्याच आठवड्यात मागितलीत की माफी," तो म्हणे. मास्तरांना ती आठवत नसे, म्हणून ते पुन्हा तितक्याच मनापासून मागत.

तर ह्या माणसाला डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत बजावून सांगितलं, "हरवलेला दिवस शोधून देणं माझं काम नाही. संमोहनात माणूस ऐकलेलंसुद्धा आठवलं म्हणून धरून बसतो. मला तुमचं कामाचं डोकं परत आणायचंय. शिकवताना तुम्ही काय काय ध्यानात ठेवायचात?"

मास्तर खुलले. "तीन आरसे, शिकणाऱ्याचे पाय, पुढचा रस्ता, मागचा सायकलवाला, आणि शिकणाऱ्याच्या आईने पाठवलेला निरोप. सगळं एकाच वेळी."

"मग ते डोकं कुठे गेलेलं नाही. त्याला हाक मारायची," बाई म्हणाल्या.

त्यांची रीत अशी की दवाखान्यात आठवड्यातून एकदा त्या स्वतः झोपवत, आणि घरी रोज दुपारी ऐकायला टेप देत. टेप म्हणजे फोनमधलंच रेकॉर्डिंग, पण बाईंसकट सगळे त्याला टेपच म्हणत. मजकूर बाईंचा, आवाज मात्र घरचा. "ज्याच्या शब्दावर तुम्ही डोळे मिटून विश्वास ठेवता, असा आवाज कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"लेकीचा," मास्तर म्हणाले. शेजारी बायको बसली आहे हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही, आणि ते काही दुखण्यामुळे नव्हे.

त्या दिवशी संध्याकाळी जेवताना मास्तर सहज बोलून गेले, "त्या खुर्चीत डोळे मिटल्यावर सारखं वाटत होतं, अपघाताच्या वेळी माझ्या शेजारी कोणीतरी होतं." मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. मास्तरांनी ते पाहिलं आणि लगेच विसरले. दुसऱ्या दिवशी लेकीने आपल्या खोलीचं दार लावून टेप तयार केली.

आणि गुण आला हो! पहिल्या पहिल्यांदा टेप सुरू झाली की मास्तर दोन वाक्यांत गुडूप होत, जागे झाल्यावर काही म्हणता काही आठवत नसे. पण हळूहळू चहा गॅसपर्यंत टिकू लागला. बाजारातून चार वस्तू सांगितल्या तर चारही येऊ लागल्या. एकदा ते चष्मेवाल्याला स्वतःच म्हणाले, "मागच्या आठवड्यातही मागितली होती, ठाऊक आहे मला. तरी मागतो." चष्मेवाल्याने उठून, लंगडत येऊन, त्यांच्या पाठीवर थाप मारली. मास्तर घरी येऊन रडले. लेकही रडली. आपल्या आनंदात सामील झाली असं त्यांना वाटलं.

मग त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. बाईंना चकित करायचं. अख्खी टेप तोंडपाठ करून दाखवायची. पडून ऐकली तर झोप लागणार, म्हणून ते ती भांडी विसळत ऐकू लागले. पाठ झाली तेव्हा शाळेत पहिला नंबर आल्यासारखे ते फुलून गेले. घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

पुढच्या भेटीला बायको सोबत होती. मास्तर खुर्चीत न टेकता ताठ उभे राहिले आणि हात मागे बांधून म्हणू लागले, "तुम्ही तुमच्या जागेवर बसला आहात. सकाळ आहे, मैदान मोकळं आहे. तीनही आरसे तुमच्या ध्यानात आहेत. शिकणाऱ्याचे पाय तुमच्या ध्यानात आहेत..." बाई आधी हसल्या, मग कौतुकाने मान डोलवू लागल्या. एक शब्द इकडचा तिकडे नाही. "...हे डोकं तुमचंच आहे. ते घेऊन परत या. अपघाताच्या दिवशी तुमच्या शेजारी कोणी नव्हतं. तुम्ही एकटेच होता. तो दिवस शोधू नका."

बाईंची मान थांबली. "शेवटचं हे काय?"

"टेपमधलं," मास्तर म्हणाले. "बरोबर आहे ना?"

"माझ्या मजकुरात हे नाही. मी असलं कधीच सांगणार नाही." बाईंनी मास्तरांच्या बायकोकडे पाहिलं. ती पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

मास्तर खुर्चीत बसले. खुर्ची कुरकुरली. शेजारी कोणी नव्हतं, तर ते रोज दुपारी आपल्या कानात ओतायची गरज कुणाला पडली? एवढं कळायला फार डोकं लागत नाही, आणि आता त्यांच्याकडे ते होतंही.

"घरी चला," बायको म्हणाली. "सांगते."

घरी आल्यावर मात्र ती दोरीवरचे वाळलेले कपडे काढून घड्या घालत बसली. कामावरून लेक आली, चप्पल काढायच्या आत मास्तरांनी विचारलं, "छकुली, गाडी तू चालवत होतीस?"

लेकीने आईकडे पाहिलं. मास्तरांना उत्तर तिथेच मिळालं.

"तुम्ही शुद्धीवर येता की नाही हेच कुणी सांगत नव्हतं," बायको म्हणाली. "पोलीस समोर उभे. हिचं लायसन्स झालेलं नाही, नोकरी नुकतीच लागलेली. चष्मेवाल्याची रस्त्याकडे पाठ होती, गाडी कोण चालवतंय ते कुणीच पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, हेच चालवत होते, एकटेच. मला वाटलं, जाणारा तर जातोय, निदान राहणाऱ्याचं तरी..." तिने जीभ चावली.

"आणि मी गेलो नाही," मास्तर म्हणाले. "पंचाईत केली."

"अहो, असं काय बोलता!"

"मग कसं बोलू? शुद्धीवर आल्यावर मला विचारलं असतंत तर मी आनंदाने अंगावर घेतलं असतं. पोरीसाठी काय, मी तुरुंगातसुद्धा गेलो असतो."

"मग घ्या की आता!" बायको एकदम कडाडली. "तेवढंच तर मागतोय आम्ही!"

"मी देणं वेगळं, आणि मी बेशुद्ध असताना खिशातून काढून नेणं वेगळं." मास्तरांचा आवाज चिरकला. ते लेकीकडे वळले. "तू माझा हात धरून नेत होतीस गं. मी आत हात जोडत होतो आणि तू बाहेर फ्रेमी बघत होतीस. आणि वर ती टेप! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुणाच्या शब्दावर विश्वास आहे, तर मी तुझं नाव घेतलं. कुंपणानेच शेत खाल्लं की."

लेक खाली बसली. "तुम्ही म्हणालात ना, शेजारी कोणीतरी होतं, तेव्हा मी घाबरले. आता खरं सांगते, बाबा. सगळं सांगते. त्या दिवशी शिकवायची गाडी दुरुस्तीला होती. माझी टेस्ट जवळ आलेली, म्हणून तुम्हीच म्हणालात, घरच्या गाडीत बस. मी नको म्हणत होते. तुम्ही म्हणालात, घाबरतेस काय, ब्रेक माझ्या पायाखाली आहे. सवयीने म्हणालात. शिकवायच्या गाडीत असतो ना तुमच्या बाजूला दुसरा ब्रेक, तो घरच्या गाडीत कुठला? वळणावर मी गडबडले, भलतंच दाबलं. तुम्ही पाय दाबत होतात, दाबत होतात, आणि खाली नुसता पत्रा होता."

मास्तरांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला. त्यांना सगळं दिसलं. वळण दिसलं, पोरीने स्टिअरिंग आवळून धरलेलं दिसलं, बुटाखालचा पत्रा जाणवला. किती खरं वाटत होतं! असलीच चूक त्यांच्या हातून झाली असती, दुसरी नाही. पण गेलं वर्षभर त्यांना ती डुलकीसुद्धा अशीच दिसत होती. पापण्या जड झालेल्या जाणवत, हनुवटी छातीवर टेकलेली जाणवे. तीही ह्याच आवाजाने सांगितलेली.

"आणि हे?" त्यांनी विचारलं. "हे खरं, की हेही तुम्ही दोघींनी मिळून ठरवलेलं? म्हणजे पुन्हा चूक माझीच."

"आईशपथ खरं, बाबा."

"आई तर ह्यातच आहे," मास्तर म्हणाले.

कुणाला विचारायचं? त्या गाडीत दोघंच होते. एकाला काही आठवत नव्हतं आणि दुसरी ही, लहानपणी पदराआड लपणारी, अंधाराला घाबरणारी त्यांची छकुली. तिच्यावर विश्वास ठेवावा असं त्यांना फार वाटत होतं. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही, पण त्यावर आपला हातही ठेवला नाही.

"बाबा, काहीतरी बोला ना."

"पुन्हा सांग," मास्तर म्हणाले. "पहिल्यापासून."

लेक डोळे पुसून पुन्हा सांगू लागली. मास्तर तिचा एकेक शब्द मघाच्या शब्दाशी पडताळत होते, परक्या माणसाची जबानी ऐकावी तसे.