एकच तार होती घरात

मी एक जुना मोडेम आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. टेलिफोनची तार आणि संगणक यांच्या मधे बसणारी वीतभर काळी पेटी, ती मी. इंटरनेटला जोडताना मी आधी किंचाळत असे, मग खरखरत असे आणि मग मुकाट कामाला लागत असे. मी कामात असलो की घरातला फोन बंद. बाहेरून कुणी लावला तर त्याला नुसतं टूं टूं ऐकू येई. एवढं लक्षात असू द्या.

२००२ साली रुपेशरावांनी मला वर्ध्याला घरी आणलं, ते त्यांच्या बायकोसाठी, मेघाताईसाठी. मेघाताई कॉलेजात संगणक शिकलेली. कडेवर तान्ही गुंजन, एका आजारपणातून वाचलेली; म्हणून ताईच्या डोळ्यांत सतत धास्ती. वेबसाइट बनवण्याचं पहिलं काम तिला दिलं वायगावच्या हळदीचे व्यापारी चंद्रभानजी यांनी. कोणतं पान कुठे यायचं, ते तिने स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने चौकोन काढून ठरवलं. गुंजन रांगत आली आणि संपर्काचं पान पोटाने पुसून गेली!

चंद्रभानजी कागदाच्या पुडीत हळद घेऊन यायचे आणि चिमूट पडद्याला लावून बघायचे. "मेघाताई, हे तं लिंबू झालं. आमची हळद अशी फिकी असते का?" ताई रंग बदलायची. पुढच्या वेळी ते म्हणायचे, "आता मिरची झाली."

मला एक खोड होती. फार वेळ काम पडलं की मी तापायचो आणि तार सोडून द्यायचो; इंटरनेट तुटायचं. खालून हवा लागावी म्हणून ताईने मला पालथ्या वाटीवर ठेवलं होतं. अधूनमधून ती हाताची मागची बाजू माझ्या पाठीला लावून बघे. गुंजनचं कपाळही ती तशीच बघायची.

गुंजन तारा ओढते म्हणून अखेरीस तिला गिरडला आजीकडे, जिजाबाईंकडे, पाठवलं. वेबसाइट इंटरनेटवर चढवायच्या दिवशी सकाळीच आजीचा फोन आला. "जरा अंग कोमट हाय पोरीचं. तू आपलं काम कर." ताईने काम सुरू केलं, पण जीव तिकडेच.

त्या संध्याकाळी परदेशातलं गिऱ्हाईक वेबसाइट बघणार होतं. चंद्रभानजी खुर्चीत ठाण मांडून बसले होते. पानं चढली, फोटो मात्र गोगलगाईसारखे सरकत होते. ताई म्हणाली, "काका, एकदा गिरडला फोन करून घेऊ का?"

"हे चढलं की करजो ना. आता तोडलं तं पुन्हा पहिल्यापासून!"

ती थांबली. पदराचं टोक पिळत राहिली. माझी पाठ भाजू लागली, आणि मी तार सोडली.

"भंगार हाय हे तुमचं!" चंद्रभानजी ओरडले. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा जोडायला तिने हात पुढे केला, तोच फोन वाजला.

आजीचा आवाज माझ्या पोटातूनच गेला. "कवाची लावून राह्यली वं मी! लागतच नाई. पोरीले आकडी आली. डाक्टर सुई देऊन राह्यला."

"आई, कोणती सुई? विचार त्याले! विचार!"

आजीने विचारून नाव सांगितलं. ताई किंचाळली. माझ्याही किंचाळण्यापेक्षा मोठ्याने. "देऊ नको म्हण त्याले! त्या सुईनं मागं तिचा श्वास कोंडला होता. आई, मी तुले सांगायचं विसरली! तिले सेवाग्रामच्या दवाखान्यात आण, मी निघते."

चंद्रभानजी उठून उभे राहिले होते. "चल पोरी, जीप खाली उभी हाय."

दार लोटलं गेलं. पडद्यावर हळदीचा फोटो अर्धाच चढलेला. रुपेशरावही घरी फिरकले नाहीत. त्यानंतर त्या रिकाम्या घरात फोन वाजत राहिला. प्रत्येक घंटा माझ्या अंगातून जायची आणि उचलणारं कुणी नव्हतं. बातमी चांगली होती की वाईट, मला कसं कळणार? मित्रांनो, इतका असहाय मी कधीच नव्हतो.

मग एके दुपारी कुलूप उघडलं. कुणीतरी माझी तार धरून जोरात ओढली. मी वाटीवरून धाडकन खाली पडलो. असं पडण्यात इतका आनंद असतो, हे मला माहीत नव्हतं. तो हात इवलासा होता.

गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. वेबसाइट पुढे चढली. चंद्रभानजींनी त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. पिवळ्या रंगाबद्दल मात्र ते शेवटपर्यंत कुरकुरले.

मी मुद्दाम तार सोडली, असं मी म्हणणार नाही. मी तापलो होतो, इतकंच. आता घरात नवी यंत्रं आली आहेत आणि मी माळ्यावर गुंजनच्या झबल्यांशेजारी पडून आहे. परवा भंगारवाला आला, तेव्हा ताईने मला खाली काढलं, हाताची मागची बाजू माझ्या गार पाठीला लावली आणि पुन्हा वर ठेवून दिलं.

मित्रांनो, काम कितीही अडलेलं असो, आपल्या माणसाचा आवाज येईल एवढी वाट मोकळी ठेवा. आणि कुणी मधेच थांबलं, तर त्याला भंगार म्हणण्याआधी एकदा पाठीला हात लावून बघा.