कापसात अडकलेलं विमान

प्रभावतीचं विमान सलग चौथ्या संध्याकाळी समुद्रावर येऊन थांबलं.

थांबलं म्हणजे अगदी अधांतरी. खाली निळं पाणी, वर निळं आभाळ, मध्ये पांढरं विमान, आणि सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या चित्रासारखं गप्प. मग एक हिसका बसला, विमानानं पुढे उडी मारली, पुन्हा थांबलं, आणि नाक खाली करून पाण्यात गेलं.

"पाह्य," प्रभावती खुर्चीवरून उठत म्हणाली. "आजबी थांबलं. रेल्वे थांबली त मानूस खाली उतरते. हे थांबलं त मी कुठी उतरू?"

"आई, खरं विमान असं थांबत नाही वं," संघदीपनं कपाळावर हात मारला. "हा कॉम्प्युटर हळू चालून राह्यला."

"तूच म्हनला होता ना, खऱ्यासारखं दाखवतो? मंग दाखवलं तं आता कायले नाही म्हनतं?"

तिचा नवरा उकंडा दाराजवळ बाजेवर बसून सुपारी कातरत होता. त्यानं मान वर केली नाही.

गोष्ट अशी होती. मोनाली, त्यांची धाकटी, पोर्ट ब्लेअरला होती. जावई इंद्रजित तिथं पोस्टात. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी आर्णीला व्हायचं, पण डॉक्टरनं लांबचा प्रवास नको म्हटलं. लेक माहेरी येऊ शकत नसेल तर माहेरानं लेकीकडे जावं, असं प्रभावतीनंच ठरवलं. तीन महिने. मात्र तिथं रेल्वे जात नाही. जहाजानं तीन दिवस लागतात, आणि प्रभावतीला यवतमाळची एसटीसुद्धा लागते. राहिलं विमान. संघदीप तिला मद्रासपर्यंत रेल्वेनं नेणार, पुढे विमानात सोबत करायला इंद्रजित येणार. रविवारपर्यंत हो की नाही ते त्याला कळवायचं होतं. प्रभावती म्हणाली, आधी मले दाखवा, मग सांगतो.

संघदीप गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. घरी त्यानं जोडून घेतलेला कॉम्प्युटर होता आणि त्यात विमान उडवायचा खेळ. मद्रास ते पोर्ट ब्लेअर, सगळं त्यात होतं. पण खेळ चालेना. चार दिवस पोरानं जिवाचं रान केलं. पडद्यावरची झाडं काढली, घरं काढली, ढग पार पुसून टाकले, मागं गुपचूप चालणारे नको ते प्रोग्राम बंद केले, रात्रभर डिस्क आवरायला लावली. विमान पहिली दहा मिनिटं लोण्यासारखं जायचं. मग अडखळायला लागायचं.

उकंडाला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.

एकतीस वर्षं तो कापसाच्या जिनात फिटर होता. बारा रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, एकदम चालू असताना कोणत्या रेच्याचा रूळ रुईनं चोंदला, हे तो फाटकावरून सांगायचा. कॉम्प्युटरच्या डब्यातला बारका पंखा आधी सळसळ फिरायचा, मग दम लागल्यासारखा घरघरायचा. यंत्राला श्वास पुरत नव्हता. पुरेल कसा? दोन हजार सहाचं ते साल, कापसाला भाव नाही म्हणून साऱ्या गावानं कापूस घरातच भरून ठेवलेला. यांच्याही पुढच्या खोलीत खिडकीपर्यंत गंजी, आणि तिच्याच कुशीत कॉम्प्युटरचं टेबल. रुई उडून आत जाऊ नये म्हणून प्रभावतीनं जुन्या लुगड्याची दुपदरी जाड खोळ शिवली होती. डब्याच्या चारी अंगांनी घट्ट, वर बंद, मागून फक्त वायरी निघतील एवढं भोक. इतक्या मायेनं शिवलेली खोळ कोण काढणार? ती यंत्र चालू असतानाही अंगावरच असायची.

हे सगळं उकंडाला कळलं होतं, आणि तो गप्प होता.

अडतीस वर्षांत प्रभावती एका रात्रीच्या वर त्याच्यापासून लांब राहिली ती फक्त दोन बाळंतपणांत. आता ती तीन महिने जाणार. विमान असंच अडखळत राहिलं तर ती जाणार नाही. आपण काही वाईट केलेलं नाही, फक्त बोललो नाही, असं तो स्वतःला समजावायचा. पण सुपारी त्याला कडू लागायला लागली होती.

शनिवारी दुपारी तो चक्कीवरून पीठ घेऊन आला, तर पुढच्या खोलीतून बोलण्याचा आवाज. त्यानं दारातून वाकून पाहिलं. प्रभावती एकटीच खेळापुढे बसली होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, दोन्ही हातांनी खेळाचा दांडा गच्च धरलेला.

"चाल ना बाप्पा," ती विमानाला म्हणत होती. "चाल. पोरगी वाट पाहून राह्यली. मले भेव वाटते म्हनून तू थांबू नको. थोडंसंच राह्यलं."

विमान थांबलं. तिनं डोळे मिटून घेतले. पाण्यात पडल्याचा आवाज आल्यावरच उघडले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

उकंडानं पीठ चुलीजवळ ठेवलं. फळीवरून आपली जिनातली पत्र्याची पेटी काढली. तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली आणि लाईट गेली.

"सरक जराशी," तो म्हणाला.

"काय करता?"

"दवाखाना."

त्यानं खोळ काढली. डबा तापलेल्या तव्यासारखा. मागच्या स्क्रूवर दुकानदाराचा कागदी शिक्का होता, तोडला तर हमी संपली असं लिहिलेलं. म्हणूनच संघदीपनं तो कधी उघडला नव्हता. उकंडानं शिक्क्यातूनच पेचकस घातला.

आत पंख्याखालच्या पत्र्याच्या फटींमध्ये रुई अशी दाबून बसली होती की नखानं धरली तर सबंध चकती निघाली. त्यानं पंख्याला बोट लावून धरलं, रंगाच्या बारीक ब्रशनं पाती झाडली आणि सायकलच्या पंपानं हलकी हलकी हवा मारली. पांढरे धागे उन्हाच्या तिरिपेत तरंगायला लागले.

प्रभावती ती चकती तळहातावर घेऊन पाहत होती. "म्हंजे माह्याच खोळीनं जीव घुसमटला याचा?"

"तुही खोळ चांगली हाये. श्वास घ्यायले खिडकी नाही तिले, बस."

तिची बोटं सवयीनं त्या रुईचा पेळू वळत होती.

"मोनालीचे बाबा," ती हळूच म्हणाली, "फाटकावरून रेचा वळखनारे तुमी. पाच हात दुरून हे ऐकू नाही आलं?"

उकंडा पंपाची नळी पुसत राहिला. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

"आलं होतं," तो म्हणाला.

"कवा?"

"सोमवारी."

प्रभावतीनं पेळू त्याच्या खिशात खोचला. "म्हातारे झाले, पर चोरी नाही जमली तुमाले," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून उठली. हसली की आणखी काय, ते त्याला दिसलं नाही. पण चहा आला तो आल्याचा, आणि साखर दुप्पट.

पाच वाजता लाईट आली, पाठोपाठ संघदीप. उघडा डबा पाहून तो दारातच थबकला. "बाबा! शिक्का तोडला?"

"तोडला. तुही हमी गेली पान्यात. विमान नाही जानार आता."

विमान उडालं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पंखा सळसळत राहिला.

"संघा, आभाळात ढग काहून नाहीत?" प्रभावतीनं विचारलं.

"मीच काढले, आई. हलकं चालावं म्हनून."

"ठेव परत. ढगातून कसं जाते थे पाहू दे. तिकडे काय ढग पुसून ठेवनार हायेत माह्यासाठी?"

संघदीपनं ढग ठेवले, झाडं ठेवली. विमान पांढऱ्यात शिरलं. प्रभावतीनं उकंडाचं मनगट धरलं. पांढरं, पांढरं, मग एकदम खाली हिरवी बेटं. धावपट्टीवर ते जरा तिरपं टेकलं, दोनदा उसळलं आणि उभं राहिलं.

"इंद्रजितले फोन लाव," ती म्हणाली. "अन् कातर दे मले. खोळीले खिडकी पाडतो."

खिडकी पाडून, तिला गोट मारून, पंधरा दिवसांनी प्रभावती गेली.

विमानाच्या दिवशी सकाळी दहाला उकंडानं अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून खेळ लावला. संघदीपनं त्याला कागदावर सगळं लिहून दिलं होतं. तिचं विमान ज्या वेळी मद्रासहून उडणार, बरोबर त्याच वेळी त्यानंही उडवलं. सोबत जावई होताच, पण म्हटलं आपणही असावं. तास गेला, सव्वा तास गेला. मध्य समुद्र आला. आणि वेळ नसताना लाईट गेली.

काळ्या पडद्यापुढे उकंडा बसून राहिला. खेळ आहे, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो उठला, बसला, फोनपाशी गेला, परत आला. विमानाच्या भीतीवरून प्रभावतीला या पंधरवड्यात तो किती हसला होता, ते सारं त्याला आठवलं.

साडेबाराला फोन वाजला.

"जयभीम बाबा! आई आली," मोनाली ओरडली, आणि तिच्या हातून फोन कोणीतरी ओढून घेतला.

"पोचली बरं मी," प्रभावती म्हणाली. "ढग होते. कुठीच नाही थांबलं वो. सरळ आलं."

उकंडानं भिंतीला पाठ टेकली.

"माह्यं थांबलं," तो म्हणाला. "मधात, पान्यावर. लाईट गेली."

पलीकडे ती इतकी हसली की त्याला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"अधांतरी नका राहू," ती म्हणाली. "शिंक्यावर सकाळची भाकर असंल, थे खा. लाईट आली की पह्यल्यापासून सुरू करा. अन् खोळीची खिडकी उघडी हाये का, पाह्यजा."