नंदाताईंच्या गॅलरीतला क्रेट

मी टोमॅटोचा जुना क्रेट बोलतोय. मार्केट यार्डात माझी कड तडकली आणि मला भंगारात टाकलं. तिथून येरवड्याच्या नंदाताईंनी मला घरी आणलं, हे माझं भाग्यच.

नंदाताई टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे सगळा कचरा एकाच बादलीत जाई. एकदा त्यातली फुटकी काच कचरा न्यायला येणाऱ्या चंद्रभागाबाईंच्या तळहातात घुसली. "असू द्या ताई, सवय आहे," त्या म्हणाल्या. ते शब्द नंदाताईंना फार लागले. त्या दिवसापासून काच वेगळी, सुकं वेगळं आणि ओल्यासाठी मी. माझ्यात गोणपाट घालून त्यांनी मला गॅलरीत ठेवलं. "ओलं कचरा डेपोवर ढिगात कुजलं की त्यातून पृथ्वी तापवणारा वायू निघतो. त्यापेक्षा आपलं आपल्या घरीच जिरवू," असं त्या म्हणत.

पण पंधरा दिवसांत मला घाण वास सुटला. शेजारच्या सलिलरावांनी जिन्यात पाटी लावली : 'कचरा साठवण्याचा छंद असल्यास तो दारे-खिडक्या लावून जोपासावा.' सोसायटीने आठ दिवसांची मुदत दिली. नंदाताई रडकुंडीला आल्या. मला पुन्हा भंगार दिसू लागलं.

दुसऱ्या दिवशी कचरा न्यायला आलेल्या चंद्रभागाबाईंनी सरळ माझ्यात हात घातला.

"ताई, नुसता चिखल झालाय. ह्यात आमटी-ताक ओतता का हो?"

"उरलेलं सगळंच टाकते."

"पातळ काही नको. खाली वाळक्या पानांचा ढीग आहे, कुणी पेटवायच्या आत गोणीभर आणा. ओल्यावर पानांचा थर द्यायचा आणि रोज हलवायचं."

आठव्या दिवशी सलिलराव तपासायला आले. वाकून त्यांनी हुंगलं. "वास येत नाहीये," ते तक्रारीच्याच सुरात म्हणाले. पाटी निघाली. महिन्याभराने केळीच्या साली घेऊन तेच दारात उभे होते!

आता आमच्या इमारतीत माझ्यासारखे सहा क्रेट आहेत आणि खाली पानं कुणी जाळत नाही. माझा तळ पार झिजलाय, तरी माझ्यात तयार झालेल्या खतात एक वांग्याचं रोप मी सांभाळतो.

मागच्या महिन्यात चंद्रभागाबाई काम सोडून लेकीकडे वाघोलीला गेल्या. निघताना नंदाताईंनी त्यांच्यापुढे हात जोडले.

"अहो ताई, हे काय! मी कचरा उचलणारी बाई."

"तुम्ही मला शिकवलंत," नंदाताई म्हणाल्या.

मला जोडायला हात नाहीत. म्हणून तुम्हालाच विनवतो : उद्या दारात बादली ठेवाल, तेव्हा ती उचलणाऱ्या माणसाचं नाव तेवढं विचारा.